सहावी टिकली

आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर सहा टिकल्या आहेत. त्यातल्या पाच मी लावल्या. का लावल्या ते आधी सांगते.

बाबा ८२ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, पण नजरेच्या मधोमध एक डाग बसलाय तो जात नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते सांगतात. उजव्या हाताला कंप आहे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी चाळीस वर्षं त्यांनी देवळातल्या भजनाला पेटीची साथ केली. आजही पेटीपुढे बसवलं तर काळी दोन ते न बघता धरतात, कारण काळ्या पट्ट्या बोटाला लागतात. फोनची काच बोटाला काहीच सांगत नाही. बोट टेकायच्या आत काहीतरी उघडतं, भलतंच वाजायला लागतं, आणि बाबा फोन पालथा घालून ठेवतात. "राहू दे गो," म्हणतात.

ऐकल्याशिवाय मात्र त्यांचा दिवस सरत नाही. दहाची पेज झाली की सोप्यावर बसून काहीतरी ऐकायचं, हा नेम मी लहानपणापासून बघत आलेय. आधी रेडिओ होता, पुढे टेपरेकॉर्डर आला. टेपरेकॉर्डरची बटणं कशी खटकन खाली बसायची. दाबलं की दाबलं, त्यात संशय नाही. तो बिघडला, आणि त्याचे बेल्ट बदलून देणाऱ्या फोंड्यातल्या माणसानेही दुकान बंद केलं, तेव्हा सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं.

एकूण ४१ कॅसेटी. गोव्याचा पावसाळा वह्यांना, चपलांना, देवाच्या फोटोंना सोडत नाही, तर टेपला काय सोडणार? दहा-बारा कॅसेटींमध्ये फितीच्या कडेने पांढरी बुरशी धरली होती. पेन्सिल घालून फीत इंच इंच पुढे सरकवायची आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, असं एक अख्खी मे महिन्याची सुट्टी चाललं. उसन्या आणलेल्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडायची, सुरुवातीला आवाज फाटत नाही ना एवढं बघायचं आणि एक बाजू संपेपर्यंत दुसऱ्या कामाला लागायचं. सगळं मी बसून ऐकलं असं नाही. तेवढा वेळ नव्हता. फाइली 'फ्लॅक' या प्रकारात ठेवल्या. त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही, आणि तो खुला प्रकार असल्यामुळे उद्या कुणाची कंपनी बुडाली म्हणून फाइल उघडेनाशी होत नाही.

कॅसेटींत काय काय होतं! श्रावणातली भजनं, एका सप्ताहाची अख्खी रात्र, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, घुमट या वाद्यावरच्या आरत्या. आणि शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर. केरी हे त्यांचं गाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे बाबा त्यांच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. १८९२ सालचा त्यांचा जन्म. त्यांच्या जुन्या ७८च्या रेकॉर्डी कुणाकडून तरी आणून बाबांनी टेपवर घेतल्या होत्या. त्या तबकडीच्या एका बाजूला मावायचं जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग उलगडणाऱ्या बाईने तेवढ्यात सगळं बसवायचं. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी गेली, तिच्यावर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. बाबा या दोन तारखा पाठ असल्यासारख्या सांगतात, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतात.

तर फाइली झाल्या. आता त्या वाजवायच्या कशावर?

एक ॲप घेऊन बघितलं होतं, महिन्याचे पैसे भरून. बाबांना आवडतील अशा गाण्यांची यादी मी खपून केली, आणि एक दिवस त्यातली निम्मी गाणी राखाडी झाली. दाबली तर वाजेनात. कुठेतरी कुणाचा तरी करार संपला होता. यादी माझी होती, गाणी माझी नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय बाबांच्या सप्ताहाची रात्र त्या ॲपमध्ये कुठून असणार?

माझा भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. लॅपटॉप बारा वर्षांचा, रॅम २ जीबी, आधीची सिस्टीम चालू व्हायलाच चहा उकळून गार होण्याइतका वेळ. त्याने त्यावर डेबियन ही खुली सिस्टीम टाकून दिली. डेबियन १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलं; डेब्रा आणि इयन ही दोन नावं जोडून ते नाव झालं. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतायत. मशीन हलकं झालं, पण बटणं-चित्रं असलेला नेहमीचा प्लेअर उघडून बाबांसमोर ठेवला तर पुन्हा तेच. पडद्यावरचा बाण कुठे आहे ते त्यांना दिसेना आणि माउस हातात ठरेना.

"मावशी, माउसच काढून टाकूया," भाचा म्हणाला. "कमांड लाइनवरचा प्लेअर घालू. सगळं कीबोर्डवर."

मी मराठीची शिक्षिका. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं म्हटलं की मला बँकेतली आतली खोली आठवते. पण त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि टाइप मलाच करायला लावलं. सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमस. सीमस हे त्या प्लेअरचं नाव, आणि ॲप्ट म्हणजे प्रोग्रॅम आणून बसवणारा आणि काढणारा. बस, एवढंच. मग पासवर्ड मागितला. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे मला वाटलं कीबोर्डच बंद पडला. तसं नसतं, ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. मग ओळी सरकल्या. कुठली कुठली पॅकेजं येणार त्यांची नावं, किती उतरवायचं, डिस्कवर किती जागा जाणार, आणि शेवटी प्रश्न: पुढे जाऊ का? वाय की एन?

मला हे फार आवडलं. घरात येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून, मी येतोय, बरोबर ही ही माणसं आहेत, एवढी जागा लागेल, येऊ का, असं विचारावं, तसं. याआधी मी कॉम्प्युटरवर जे काही घातलं त्यात 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की न मागितलेल्या दोन-तीन वस्तू घरात शिरलेल्या असायच्या. इथे माल येतो तो डेबियनच्या भांडारातून, आणि येताना त्यावरची डिजिटल सही तपासली जाते. सीमस स्वतः एवढा लहान, की मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याहून जास्त जागा खातो. टिमो हिर्वोनेन यांनी तो लिहायला घेतला, नंतर इतरांनी पुढे चालवला. परवाना जीपीएल, म्हणजे कुणीही उघडून आत बघावं, बदलावं, पुढे द्यावं.

आता त्या पाच अक्षरांकडे येते. सीमसमध्ये एक्स दाबला की वाजतं. सी दाबला की थांबतं, परत दाबला की तिथूनच पुढे. व्ही म्हणजे पूर्ण बंद. बी म्हणजे पुढचं, झेड म्हणजे मागचं. कागदावर वाचताना ही अक्षरं कशीही उचलल्यासारखी वाटतात. कीबोर्डकडे बघा: झेड, एक्स, सी, व्ही, बी, सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडून एकापाठोपाठ एक. मागचं, वाजव, थांबव, बंद, पुढचं. टेपरेकॉर्डरच्या बटणांची पट्टीच ती! ज्याने ही योजना केली त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. बाबांचा डावा हात कापत नाही. पेटीवर भाता मारणारा हात तो; आता त्याला सूर धरायचं काम मिळालं.

पट्ट्या सपाट होत्या म्हणून मी टिकल्या आणल्या. मखमलीच्या, लाल, जरा जाड. पाच अक्षरांवर पाच. बाबांनी त्यांवरून एकदा इकडून तिकडे बोट फिरवलं, आरोह-अवरोह घ्यावा तसं, आणि एक्स दाबला.

भाच्याने टर्मिनलचं, म्हणजे त्या काळ्या पडद्याचं, अक्षर एवढं मोठं केलं की पडद्यावर सात-आठच ओळी मावाव्यात. काळ्यावर पांढरं. बाबा मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने वाचतात. लॅपटॉप चालू झाला की सीमस आपोआप उघडतो. चुकून क्यू दाबला गेला तर तो सरळ बंद होत नाही, बंद करू का म्हणून विचारतो. तिरकी रेघ दाबून काही अक्षरं टाइप केली की तो शोधतो, आणि एंटर मारलं की वाजवतो. एच दाबला की पाच सेकंद मागे, एल दाबला की पाच सेकंद पुढे. हे शेवटचं भाच्याने जाता जाता सांगितलं. बाबांना ते लागेल असं मला वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. फाइली पहिल्यांदा आत घेतल्या तेव्हा सगळ्याच्या सगळ्या एकाच नावाखाली आल्या: 'नो नेम'. फाइलच्या आत गायकाचं, संग्रहाचं नाव लिहिलेलं नसलं की सीमस असं दाखवतो. गावातल्या एवढ्या माणसांचे गळे, काही तर आता नाहीत, आणि वर लिहिलंय 'नाव नाही'. मला बघवेना. कॅसेटींच्या पुठ्ठ्यांवर बाबांनी शाईने लिहून ठेवलं होतं, ते बघत एकेका फाइलला नाव दिलं. अर्थात देवनागरीत. आणि टर्मिनलमध्ये उघडलं तर वेलांट्या भलतीकडे, मात्रा अक्षरापासून सुटून शेजारच्या घरात, जोडाक्षरं मोडलेली. त्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट असते, आणि आपली अक्षरं एकमेकांत गुंतून उभी राहतात. ती त्या चौकटींत मावत नाहीत. काही टर्मिनल हे बरं सांभाळतात, आमच्या हलक्या मशीनवरचं नाही. वीस वर्षं मुलांच्या वेलांट्या सुधारणाऱ्या बाईला ते बघणं जड गेलं. शेवटी नावं रोमन अक्षरांत लिहिली. हे काम कुणीतरी मनावर घ्यायला हवं. सगळं खुलं आहे, दार बंद नाही, फक्त आपल्यातलं माणूस पोचायला हवं.

दीड वर्षं असं छान चाललं.

मग चवथीला दादा पुण्याहून आला, तो बोलून गाणं लावणारा स्पीकर घेऊन. प्रेमाने आणला होता. "बाबांना आता दाबायला नको काही, नुसतं म्हणायचं." सगळ्यांनी म्हणून बघितलं, वाजलं, कौतुक झालं. आमच्या शाळेतल्या एका मुलीला लॅपटॉपची गरज होती, तर मीच म्हटलं हा देऊन टाकू. फाइलींची प्रत मोठ्या डिस्कवर काढली आणि सीमस काढायला बसले.

काढतानाही तशीच एक ओळ. सुडो ॲप्ट रिमूव्ह सीमस. परत तोच प्रश्न, काढू का? त्याआधी उत्सुकता म्हणून भाच्याने सांगितलेली दुसरी एक कमांड देऊन बघितली, डीपीकेजी आणि मोठा एल. सीमसने येताना काय काय आणलं त्याची पूर्ण यादी पडद्यावर आली. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात, कुठलं माहितीपत्रक कुठे, एकेक ओळ. आत येतानाच ही यादी सिस्टीमकडे लिहून ठेवलेली असते, आणि जाताना त्या यादीत असेल तेवढंच उचललं जातं. वाय दाबला, दोन-तीन ओळी सरकल्या, संपलं. जाता जाता ॲप्टने हेही सांगितलं की सीमसबरोबर आलेली ही ही पॅकेजं आता कुणाला लागत नाहीत, हवं तर ऑटोरिमूव्ह म्हणा. आपणहून हात लावला नाही.

आणि बाबांच्या होम फोल्डरमध्ये सीमसच्या नावाची एक घडी तशीच राहिली. रिमूव्ह म्हणा, त्याहून कडक असलेला पर्ज म्हणा, दोन्ही होम फोल्डरला शिवत नाहीत. तिथे जे साठलं ते वापरणाऱ्याचं, पॅकेजचं नव्हे, असा तो हिशेब आहे. भाचा फोनवर म्हणाला, "तो कचरा राहतोच गो मावशी, फोल्डर उडवून टाक." पण शाळेतली रद्दी देण्याआधीसुद्धा मी वह्या चाळते. उघडून बघितलं. एका फाइलीत नुसती गाण्यांची यादी, एका ओळीवर एक, साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता यावी अशी. आणि एक फाइल होती सर्च-हिस्टरी नावाची.

तिरकी रेघ दाबून बाबांनी जे जे शोधलं होतं ते त्यात होतं. रोमन अक्षरांत, चुकत माकत टाइप केलेलं. केसर. केसरब. भैरवी दोन प्रकारांनी. सप्ता. आणि चवथ. चवथ ८९. चावथ ८९. चवत ८९. चवथ ८, पुढचा आकडा राहिलेला. कुठल्याही एका गोष्टीसाठी एवढे प्रयत्न दुसरे नव्हते.

मला वाटलं घुमटासाठी असेल. आमचं जुनं घुमट, मातीचं, तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली आणि पुढे बकऱ्याचं चामडं आलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. जुन्या चामड्याचा तो खोल, ओला नाद आता तसा निघत नाही, हे बाबांचं कायमचं म्हणणं. ८९च्या टेपमध्ये तो नाद आहे. म्हणून असेल.

मग कीबोर्ड पुसायला घेतला. दुसऱ्याला द्यायची वस्तू, टिकल्या काढायला हव्यात. झेडवरची नखाने खरवडून काढली आणि दुसरीकडे हात नेताना थांबले. मधल्या ओळीत, एचवर, एक टिकली होती. माझ्याच पाकिटातली, लाल, पण वाकडी बसलेली, अर्धी पट्टीच्या बाहेर. कडा काळपट झालेल्या, मधली मखमल झिजून गुळगुळीत. ही मी लावलेली नव्हती.

लॅपटॉप तसाच मिटून ठेवला.

स्पीकरचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. बाबांचा आवाज आता बसका आहे, आणि पावसात आमच्याकडे इंटरनेट दिवसातून चारदा जातं. पण खरी गोष्ट ती नव्हे. त्या स्पीकरला जगातलं सगळं ठाऊक होतं, आमच्या घरातली ८९ची चवथ ठाऊक नव्हती. बाबा तक्रार करत नाहीत. पेज झाली की सोप्यावर येऊन बसत, आणि नुसते बसत. तीन आठवडे.

त्या मुलीसाठी आम्ही शिक्षकांनी मिळून दुसरा लॅपटॉप उभा केला, याहून बरा. आणि एका रविवारी मी परत तीच ओळ टाइप केली. सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमस. वाय. सीमस उघडला, आणि सगळं जागच्या जागी होतं. एकेक नाव, एकेक भजन, आवाज किती ठेवला होता तोसुद्धा. होम फोल्डरमधली ती घडी त्याने येऊन उलगडली होती, बस. झेडवर नवी टिकली लावली. एचवरच्या टिकलीला हात लावला नाही.

"बाबा, या. लावलाय परत."

काही बोलले नाहीत. मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं, तिरकी रेघ शोधली, एकेक अक्षर दाबलं. मी स्वयंपाकघरात येऊन आदोळीवर नारळ खवायला बसले. बाहेरून आरती सुरू झाली. घुमट, शामेळ, कासाळं, पुरुषांचे चढलेले आवाज. एक आरती संपली. दोन आरत्यांच्या मध्ये माणसं दम घेतात तेवढीच फट. कुणीतरी खोकलं, कुठेतरी भांडं वाजलं, आणि लांबून, गणपतीवरच्या माटोळीच्या पलीकडून असेल, बाईचा आवाज आला.

"ऐकलंत? समईत तेल घाला."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही असं मी धरून चालले होते. ही टेप उतरवताना मी पेपर तपासत बसले होते.

शामेळावर थाप पडली, दुसरी आरती उचलली. आणि लगेच तुटली. पाच सेकंद मागे. खोकला. भांडं. ऐकलंत? समईत तेल घाला. थाप. परत मागे.

खवणं थांबवून मी तशीच बसून राहिले. बाहेर बाबांनी आणखी एकदा एच दाबला.